उजेड कुठे थांबवायचा?

जुन्या पिकअपला नवे हेडलाईट बसवल्याचे व्हिडिओ तुमच्याही फोनवर कधी ना कधी आले असतील. त्यांचा साचा ठरलेला असतो. आधी 'बिफोर': रस्त्यावर पिवळट, मरगळलेला उजेड. मग एक कट. मग 'आफ्टर': पांढराशुभ्र झोत, लांबचं बाभळीचं झाड, त्याच्या फांद्या, पलीकडच्या शेताचा बांध, सगळं लख्ख. खाली कमेंट्स येतात, 'भाऊ, लिंक टाका ना'.

या व्हिडिओंमध्ये कॅमेरा जवळपास नेहमी ड्रायव्हरच्या सीटवर असतो. समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या जागी तो कुणी ठेवत नाही. तिथून शूट केलं तर 'आफ्टर'मध्ये दिसेल फक्त एक पांढरा डाग, आणि त्या डागाभोवतीचा सगळा रस्ता गायब. दोन्ही व्हिडिओ तितकेच खरे. पण बल्ब विकत घेताना आपण त्यातला एकच बघितलेला असतो.

मला मांडायचा प्रश्न एवढाच आहे. मला जास्त दिसावं म्हणून मी जे करतो, त्यामुळे दुसऱ्याला कमी दिसत असेल, तर मला कितपत हक्क आहे? आणि हा प्रश्न जीव मुठीत धरून रात्री गाडी चालवणाऱ्या माणसाला विचारण्याचा हक्क आपल्याला आहे का?

गरज खरी आहे

आधी पिकअपवाल्याची बाजू ऐकून घेऊ. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरून एखादी पिकअप निघते. आळेफाट्यावरून माळशेज घाट उतरते आणि मुरबाड, कल्याण करत पहाटेच्या आत वाशीच्या मार्केटला पोचायला बघते. उशीर झाला की भाव पडतो. रात्रीचा प्रवास हा त्याचा शौक नाही, बाजाराची वेळच तशी आहे. गाडी पंधरा-वीस वर्षांची. पावसाळ्यात घाटात धुकं आणि दरडीची भीती. हिवाळ्यात सपाटीच्या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, कित्येकदा टेललाईटशिवाय. मध्येच एखादी उसाची बैलगाडी. साईडपट्टीवरून चालणारी, गडद कपड्यांतली माणसं. अशा रस्त्यावर हेडलाईट अंधुक असणं हीच एक बेजबाबदारी आहे. ट्रॉलीचं मागचं टोक वेळेत न दिसल्यामुळे माणूस मरतो, आणि मरणारा दर वेळी ड्रायव्हरच असतो असंही नाही.

त्यात वयाची भर. साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग गढुळतं. तेव्हा पंचावन्न वर्षांचा ड्रायव्हर 'आजकाल रात्री दिसतच नाही' म्हणतो, तेव्हा गाडी आणि डोळा दोन्ही जुने झालेले असतात. बदलता येतो तो गाडीचा बल्ब.

म्हणून 'भडक लाईट लावणारे माजोरडे असतात' हे वाक्य मला पटत नाही. काही असतात. पण बरेच जण घाबरलेले असतात. इथला पेच चांगल्या माणसाचा आणि वाईट माणसाचा नाही. भीती दोघांनाही आहे, आणि एकाच्या भीतीवरचा इलाज दुसऱ्याची भीती वाढवतो.

बल्बमधली छोटी वाटी

आता थोडं आत डोकावू, कारण या प्रश्नाचं निम्मं उत्तर हेडलाईटच्या पोटातच आहे.

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या पिकअपमध्ये एच फोर नावाचा हॅलोजन बल्ब असतो. ६०/५५ वॅटचा. हा प्रकार १९७१ मध्ये आला. एका बल्बमध्ये दोन फिलामेंट: एक अप्परसाठी, एक डिपरसाठी. डिपरच्या फिलामेंटखाली धातूची एक छोटीशी वाटी असते. ती वाटी खालच्या बाजूला जाणारा उजेड अडवते. त्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून परतून खाली, रस्त्यावर जातो. भिंतीसमोर गाडी उभी करून डिपर लावा, उजेडाची एक स्पष्ट कड दिसेल. कडेच्या खाली उजेड, वर अंधार. आपण डावीकडून चालतो, म्हणून डाव्या बाजूला, साईडपट्टीकडे, ती कड जरा वर चढलेली असते. उजवीकडून समोरचा येणार असतो, तिथे ती खाली असते.

म्हणजे वाटीचं काम उजेड अडवण्याचं आहे. कुणा इंजिनिअरने विचार करून थोडा उजेड मुद्दाम वाया घालवला आहे, कारण तो कुणाच्या तरी डोळ्यांत गेला असता.

या रिफ्लेक्टरचा प्रत्येक बाक त्या बारीक तारेची जागा गृहीत धरून काढलेला असतो. तिथे तारेऐवजी स्वस्तातला एलईडी बसवला, की उजेडाचा उगम बदलतो. आकार वेगळा, जागा मिलिमीटरभर इकडेतिकडे. कड फिसकटते. उजेड खाली जातो, वर जातो, समोरच्याच्या चेहऱ्यावरही जातो. ड्रायव्हरला वाटतं उजेड वाढला, आणि वाढलेला असतोही. पण त्यातला बराचसा गाडीच्या जवळचा रस्ता पांढरा करण्यात आणि झाडांचे शेंडे उजळण्यात खर्च होतो. शंभर वॅटचा हॅलोजन टाकला तर कड शाबूत राहते, पण जुनी वायर आणि होल्डर तापून वितळायची वेळ येते.

माळशेजच्या धुक्यात या फिसकटलेल्या उजेडाचा हिशोब ताबडतोब चुकता होतो. वर गेलेला उजेड धुक्याच्या थेंबांवर आपटून ड्रायव्हरच्याच डोळ्यांत परत येतो. समोर पांढरी भिंत उभी राहते. समोरून येणाऱ्याला एरवी काय वाटतं, ते अशा वेळी आपलं आपल्याला कळतं.

मराठीत 'दीप' आणि 'दिपणं' हे शब्द एकाच धातूवरून आलेले आहेत. उजेड देणाऱ्या वस्तूचं नाव आणि उजेडाने आंधळं होण्याची क्रिया सख्खी भावंडं. आणि 'काय दिवे लावलेस!' हे आपण कौतुकाने म्हणत नाही. भाषेला हे आधीपासून माहीत असावं.

सगळ्यांनी लावले तर?

'सगळ्यांनी असंच केलं तर कसं चालेल?' हा प्रश्न कांट या जर्मन तत्त्वज्ञाने नीतीच्या मुळाशी ठेवला. आपल्या घरात तो आजीने विचारलेला असतो. हेडलाईटच्या बाबतीत त्याचं उत्तर रस्त्यावर उभं राहून बघता येतं. एकाने प्रखर दिवा लावला, तर त्याला जरा जास्त दिसतं. समोरच्याचे डोळे दिपतात, म्हणून तो त्याहून प्रखर लावतो. मग पहिल्याला स्वतःचा दिवा पुन्हा कमी वाटायला लागतो. खर्च दोघांचा झाला, दिसणं मात्र दोघांचंही घटलं, कारण डोळा काम करतो तो उजेड आणि अंधार यांच्यातल्या फरकावर.

थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये आइस हॉकीच्या हेल्मेटवरून हीच गोष्ट मांडली होती. डोकं फुटायची भीती असूनही खेळाडू हेल्मेट घालत नव्हते, कारण एकट्याने घातलं तर नजरेची कड जाते, शिवाय भित्रा म्हणून हिणवलं जातं. पण सगळ्यांनाच सक्ती करा म्हटलं तर त्यातले बरेच जण तयार होते. म्हणजे एकटा असताना माणूस जे निवडतो आणि सगळ्यांसाठी म्हणून जे निवडतो, त्यात फरक पडू शकतो. आपल्या ड्रायव्हर लोकांचं मतदान घेतलं, तर 'रात्री सगळ्यांनी डिपर वापरावा' याला विरोध करणारा क्वचित सापडेल. ट्रकच्या मागे 'यूज डिपर ॲट नाईट' असं रंगवलेलं असतं, ते त्याच मतदानाचा निकाल आहे. फक्त तो मागच्याने पाळायचा असतो.

मग कायदा आहे की, असं म्हणाल. आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०६ वा नियम सांगतो, की पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली वळलेला असावा. किती? तर दिव्यापासून ८ मीटर समोर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे, त्याला दिपवणार नाही इतका. सरकारी भाषेतला हा नियम मला फार आवडतो. त्याने रस्त्यावर एक माणूस उभा केला आहे. त्याला नाव नाही, जात नाही, गाडी नाही. फक्त डोळ्याची उंची आहे. कायदा म्हणतो, दिवा लावताना याचा विचार कर.

अंमलबजावणीचं काय होतं हे आपल्याला माहीत आहे. एके काळी हेडलाईटच्या वरच्या अर्ध्या भागावर काळा रंग फासलेला असायचा. १९७१ च्या युद्धातल्या ब्लॅकआऊटमध्ये विमानांना दिसू नये म्हणून दिवे असे झाकले गेले. पुढे शांततेच्या काळातही समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून काळी पट्टी किंवा ठिपका येत राहिला. उपाय ओबडधोबड होता, पण त्यामागचा विचार त्या छोट्या वाटीचाच होता.

नुकसान मागे घडतं

प्रदूषणासारख्या प्रश्नांत आपल्याकडे एक सोयीची पळवाट असते: 'माझ्या एकट्याने काय फरक पडणार?' हेडलाईटला ही पळवाट नाही. माझा उजेड लाखो माणसांत वाटला जाऊन पातळ होत नाही. तो या क्षणी, या वळणावर, एकाच माणसाच्या डोळ्यांत जातो. मी डिपर दिला तर त्या एका माणसाला रस्ता दिसतो, नाही दिला तर दिसत नाही.

तरीही आपल्याला टोचणी लागत नाही. त्याचं कारण मला गणितात सापडतं. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. प्रखर झोत डोळ्यांवर येऊन गेल्यावर डोळे सावरायला ३ सेकंद लागले, तर तो माणूस ५० मीटर जवळपास आंधळा चालवत असतो. तेवढ्या वेळात माझी गाडी उलट दिशेला आणखी ५० मीटर गेलेली असते. आमच्यात आता १०० मीटरचं अंतर आहे आणि माझी नजर पुढे आहे. तो खड्ड्यात गेला, साईडपट्टीवरून खाली उतरला, कुणाला घासून गेला, तरी मला कळणार नाही. माझ्या उजेडामुळे घडलेली गोष्ट माझ्या मागच्या अंधारात घडते. दृष्टीआड सृष्टी ही म्हण इथे शब्दशः लागू पडते.

आपल्याला कधीच कळणार नाही अशा नुकसानाला आपण जबाबदार असतो का? पोलिसांच्या दृष्टीने बहुधा नाही, पुरावा कुठला आणणार? पण अपराधीपणा आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपराधीपणा नंतर येतो, आणि त्यासाठी काय झालं हे कळावं लागतं. जबाबदारी आधी असते. तिला 'काय होऊ शकतं' एवढं कळलं तरी पुरतं. आणि समोरून येणाऱ्या झोताने डोळे मिटणं म्हणजे काय, हे रात्री दुचाकी चालवलेल्या प्रत्येकाला कळतं.

या सगळ्यात एक तिसरा माणूस आहे, ज्याच्याबद्दल आपण सहसा बोलत नाही. तो पायी चालतोय. प्रखर दिव्याचे समर्थक त्याचंच नाव पुढे करतात: 'जास्त उजेड असेल तर पादचारी लवकर दिसेल.' रस्त्यावर मी एकटाच असेन तर हे खरं आहे, आणि तेव्हा अप्पर लावायलाच हवा. पण समोरून दुसरी गाडी आली की चित्र उलटतं. रस्ता ओलांडणारा माणूस दोन गाड्यांच्या झोतांमध्ये सापडला, तर तो दोघांनाही दिसेनासा होऊ शकतो. दोन्ही बाजूंनी उजेड, आणि मधला माणूस गायब. त्याच्या अंगावर उजेड कमी असतो म्हणून हे होत नाही. बघणाऱ्यांच्या डोळ्यांत तो फार असतो.

म्हणून समोरच्याने डिपर दिला नाही, की चिडून आपणही अप्पर मारायचा, ही सवय मला सगळ्यात धोकादायक वाटते. डोळ्याच्या बदल्यात डोळा, अगदी शब्दशः. यात शिक्षा होते ती त्याच्यासकट आपल्याला आणि मधल्या तिसऱ्याला.

महाग गाड्यांचा नम्रपणा

इथे पिकअपवाला एक रास्त प्रश्न विचारेल. 'मलाच का सांगता? त्या उंच एसयूव्ही कंपनीतूनच पांढरे झोत घेऊन येतात, त्यांना कोण बोलतं?'

मुद्दा बरोबर आहे. ऑडीने २०१३ मध्ये ए ८ या गाडीत मॅट्रिक्स एलईडी आणले. कॅमेरा समोरची गाडी ओळखतो आणि झोतातला नेमका तेवढाच तुकडा मंद करतो. बाकी रस्ता उजळलेलाच राहतो. म्हणजे पैसे असतील तर 'मला दिसावं' आणि 'त्याला दिपू नये' यांतलं भांडणच मिटतं. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने मात्र संयम ठेवायचा. सभ्यपणासुद्धा ॲक्सेसरी म्हणून विकत मिळायला लागला, की गरिबाच्या वाट्याला फक्त उपदेश उरतो.

पण त्या हुशार दिव्यालाही एक मर्यादा आहे. समोर कुणी आहे हे तो मुख्यतः समोरच्या गाडीच्या दिव्यांवरून ओळखतो. ज्याच्याकडे दिवा आहे, त्याच्यासाठी तो झुकतो. दिवा नसलेली बैलगाडी आणि टोपी घातलेले आजोबा त्याच्या हिशोबात सहज येत नाहीत. त्यांच्यासाठी झुकायचं की नाही, हे अजून माणसालाच ठरवावं लागतं, मग गाडी कुठलीही असो.

मग पिकअपवाल्याने करायचं काय?

नुसतं 'संयम ठेवा' म्हणून हा लेख संपवणं अन्यायाचं होईल. उजेड वाढवायचे मार्ग आहेत, आणि सगळ्यात परिणामकारक मार्ग व्हिडिओत फारसे दिसत नाहीत, कारण त्यांत चमत्कार नाही.

पहिलं म्हणजे काच. प्लास्टिकची असेल तर उन्हाने पिवळी पडलेली असते, ती पॉलिश करून घेता येते. रिफ्लेक्टरची चमक उडाली असेल तर तो बदलावा लागतो, त्यावर कुठलाही बल्ब उपाय नाही. दुसरं म्हणजे वायरिंग. हॅलोजनचा स्वभाव असा, की व्होल्टेज १० टक्के घटलं तर उजेड ३० टक्क्यांच्या आसपास घटतो. वीस वर्षांच्या गाडीत करंट बारीक वायर, झिजलेला स्विच आणि गंजलेलं अर्थिंग यांतून धापा टाकत बल्बपर्यंत येतो. चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून रिले आणि जाड वायर टाकून घेतली, तर जुनाच ६०/५५ चा बल्ब बदलल्यासारखा पेटतो. कड जिथल्या तिथे राहते आणि कायदाही मोडत नाही. एवढं करूनही एलईडी हवाच असेल, तर नुसता बल्ब न बदलता, एलईडीसाठीच बनवलेला आणि मान्यता असलेला अख्खा हेडलाईट आपल्या मॉडेलला मिळतो का, ते बघावं.

तिसरी गोष्ट पिकअपसाठी सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे दिव्याची पातळी. मागे टन-दीड टन माल भरला की गाडीचं बूड बसतं आणि नाक वर होतं. नाकाबरोबर हेडलाईटही. नुसता एक अंश वर झाला, तर ५० मीटरवर उजेडाची कड ८७ सेंटिमीटर वर जाते. म्हणजे जो डिपर गॅरेजमध्ये रिकाम्या गाडीला बरोबर होता, तो भरल्या गाडीला समोरच्याच्या डोळ्यांपर्यंत पोचतो. बल्ब तोच, ड्रायव्हर तोच, मनात वाईट काही नाही. ओझ्याने उजेड उचलला जातो, एवढंच. काही गाड्यांत डॅशबोर्डवर पातळी खाली करायचं चक्र असतं. ते बऱ्याच जणांनी कधी फिरवलेलंही नसतं. नसेल तर नेहमी माल भरूनच धावणाऱ्या गाडीची सेटिंग माल भरूनच करायला हवी.

आणि सेटिंग झाली की एक काम उरतं, त्याला ना पैसे लागतात ना इलेक्ट्रिशियन. गाडी भरलेली, इंजिन चालू, डिपर लावलेला. खाली उतरायचं. समोर आठ-दहा पावलं जायचं, जरा उजवीकडे सरकायचं, मागे वळायचं आणि आपल्याच गाडीकडे बघायचं. मान किंचित वाकवली, की मोटरसायकलवर बसलेल्या माणसाच्या डोळ्याची उंची मिळते. नियमाने ज्या बिननावाच्या माणसाला तिथे उभं केलं आहे, त्याच्या जागी दोन मिनिटं आपण उभं राहायचं.

डोळे मिटावे लागले, तर स्क्रू अजून थोडा फिरवायचा.